परत आलेलं लाकूड

पान ठेवून भाताची शितं वाळायला लागली, वड्यांना मुंग्या चढल्या, तरी कावळा शिवला नाही.

कावळे नव्हते असं नव्हे. विहिरीपलीकडच्या जांभळीवर फांदीफांदीला कावळे होते. एरवी वैशाखाच्या दुपारी अंगणात पापड घातले तर या जमातीपायी हातातली काठी खाली ठेवायची सोय नसायची. आज सगळे मुके. जनाच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती तिने गिळून टाकली होती. त्यांतल्या एकाचंही तोंड पानाकडे नव्हतं. सगळे गोठ्याकडे बघत होते.

आबाजींना जाऊन वर्ष झालं होतं. भटजी सकाळीच उरकून गेले होते, आणि कडावच्या त्या घरामागच्या परसात आता घरचेच तेवढे उरले होते. पान मांडलं होतं आबाजींच्याच आंब्याच्या बुंध्यावर. झाड त्यांनी पोरवयात लावलेलं आणि गेल्या वैशाखात त्यांच्याच सरणासाठी तोडलेलं. या घराची रीतच होती ती. माणूस जातो तेव्हा त्याच्या हातचं एक झाड त्याच्याबरोबर जातं.

"बोला की रं कुणीतरी," पायरीवर बसलेल्या चंद्राबाई म्हणाल्या. जनाच्या सासूबाई, आबाजींच्या मागे वर्षभरात निम्म्या झालेल्या. "त्यांचा जीव कशाततरी अडकलाय."

कमलेश, धाकटा मुलगा, कपाळावरचा गॉगल काढून पुढे झाला. कळंबच्या एका रिसॉर्टवर तो मॅनेजर होता आणि देवासमोरही पाहुण्यांशी बोलावं तसा बोलायचा. "आबा, नदीकडचा जमिनीचा तुकडा मी रिसॉर्टच्या शेठला देत नाय. नाय म्हणजे नाय. ओके?"

"आबांना ओके विचारतोय," छाया म्हणाली. ती सगळ्यांत थोरली, खालापूरला दिलेली. "सही पण घे त्यांची."

"मग तू बोल ताई. दिवाळीपासून आयेशी अबोला कुणाचा हाय?"

"अबोला नाय. मी कमी बोलते." छायाने तरी पदर सावरला, बुंध्याला हात जोडले. "आबा, आये खालापूरला येते म्हणाली तर मी तिला सांभाळीन."

"मी कशाला येते तुझ्या तिसऱ्या माळ्यावर?" चंद्राबाई म्हणाल्या. "तिथं थुकायचं तरी कुठं?"

कमलेश हसला, छायालाही हसू आलं आणि क्षणभर जनाला वाटलं, आता येईल, आता एखादा येईल. तेवढ्यात गोठ्यात तार वाजली.

एकच तार, एकदाच, मग शांत.

जनाने आधी खाली बघितलं. लेक रिया तिला खेटून उभी होती. दोन वेण्या, हलणारा दात जिभेने चाळवायचा चाळा चाललेला. पोर इथे होती.

"नवी तार हाय," मनोज म्हणाला. जनाचा नवरा, मघापासून एकटाच भिंतीला टेकून होता. "ताणते. खुंटी सरकली की वाजते. त्यात काय?"

जांभळीवरचे कावळे सगळे मिळून एक पाऊल सरकले, फांदीवर, गोठ्याच्या दिशेने.

*

बैल गेल्यापासून गोठा मनोजचा होता. खालापूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर पाळी करून यायचा आणि जेवणाआधी तास-दीड तास तिथेच. आधी पाट, मग स्टूल, मग रियाचा हट्ट. काकाच्या रिसॉर्टवर कुणा पाहुण्यांच्या मुलीकडे तिने युकुलेले बघितलं होतं, चार तारांची एवढीशी गिटार, आणि घरी येऊन झाडूवर बोटं फिरवत बसली होती.

"विकत मिळते," जना म्हणाली होती.

"करतो मी," मनोज म्हणाला होता.

दिवाळीनंतर त्याने कुठूनसा एक ओंडका आणला. कापला तेव्हा आतून काळ्या रेघा निघाल्या, शाईचं बोट ओढावं तशा, वळणं घेत गेलेल्या. पावसाळाभर भिजून पडलेल्या आंब्यात अशी नक्षी उतरते, हौशी लोक ती शोधत फिरतात, असं तो मोबाइलवर बघून सांगत होता. वडील गेल्यावर तो धड रडला नव्हता, कुणाशी बोलला नव्हता. त्या रेघांवरून हात फिरवताना मात्र त्याचा चेहरा सैल व्हायचा, आणि जनाने कुठला ओंडका, कुठून आणला, हे विचारलं नाही.

फळ्या महिनोन्‌महिने माळ्यावर वाळल्या. मग त्याने त्या रंधून कागदापेक्षा थोड्याच जाड केल्या. बाजूच्या फळ्या वाकवायच्या त्या दिवशी जना मदतीला होती. पाण्यात भिजवलेली फळी तापलेल्या लोखंडी नळीवर दाबायची, वाफ आली की हळूच कलवायची. घाई केली की तडा. नळीवरून वाफ उठली आणि जना मागे सरकली. हा वास तिला माहीत होता. गेल्या वैशाखात पुरुष मसणातून परतले, तेव्हा त्यांच्या सदऱ्यांना हाच वास होता. ओल्या आंब्याच्या धुराचा.

"काय झालं?"

"काय नाय. वाफ लागली."

मग सरस लावून कडा चिकटवल्या आणि घरातले झाडून सगळे कपड्यांचे चिमटे त्याला लावले. रिया हसून लोळली. "साळू दिसतेय साळू!" दोन दिवस घरातले कपडे उडून परसभर फिरले. मान जुन्या चौकटीच्या सागाची. तारा चढल्या त्या संध्याकाळी मनोजने ते लेकीच्या हातात दिलं, आणि तिने कुणी न शिकवता तीन सूर वाजवले. दोन आखूड, एक लांब.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जना चुलीपाशी होती. परसाच्या बांधावरून आबाजींची हाक आली. "रिये गं..." ते रोज तशीच मारायचे, दोन आखूड, एक लांब, आणि रिया पाण्याचा पेला घेऊन पळायची. पेला उंच धरून ते वरून पाणी प्यायचे आणि शेवटचा घोट आंब्याच्या बुडाशी ओतायचे. 'त्यालाबी लागते.'

"पाठवते आबा," जना म्हणाली. पेला भरला, दाराशी गेली, आणि तिथे तिला आठवलं.

गोठ्यात रिया वाजवत बसली होती.

तेव्हापासून रिया रोज दुपारी पेला भरून गोठ्यात जायची आणि रिकामा घेऊन यायची. जना तो विसळायची. विचारायची नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

*

"बघू तरी, एवढं काय केलंयस," म्हणत कमलेश गोठ्यात शिरला आणि ते उचलून बाहेर घेऊन आला. उन्हात लाकूड मधासारखं पेटलं. छायाही जवळ सरकली.

"अगं बाई, मनोज! हे तू केलंस?" तिने बोट फिरवलं. "या रेघा काढल्यास का?"

"आपसूक हायत."

"कुठलं लाकूड रं?"

"आंबा."

कमलेशचा हात थांबला. त्याने बुंध्याकडे बघितलं, मग मोठ्या भावाकडे. "दादा, कुठला आंबा?"

मनोजने नजर गोठ्याकडे वळवली.

"दादा, मी विचारतोय, कुठला आंबा?"

"तुला नाय म्हायती?" मनोज भिंतीपासून सुटला. "टेंपो कुणाचा होता? नदीवरून ओंडका चढवताना दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

"तू म्हणालास कसला तरी जुना ओंडका हाय, ठोकळे करायचेत! मला काय म्हायती तो..." कमलेशने युकुलेले एकदम लांब धरलं, गरम तवा धरावा तसं. "अंधार होता. मी खाली बघितलंबी नाय."

"मसणातून आणलंत?" छाया दोन पावलं मागे गेली. मघाचं कौतुक तिच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरलेलं.

चंद्राबाई उठल्या. भिंत धरून, एकेक गुडघा सोडवत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लाकूड ओलं होतं म्हणून त्यानं पेट धरला नाय, वखारीतलं सुकं आणून काम भागवलं, ते मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "उरलं ते तिथंच पडायचं असतं. माणसाच्या नावानं नदीवर नेलेली काडी घराकडं फिरवायची नसते. ते त्यांच्या वाट्याचं होतं रं. त्यांच्या वाट्याचं तू माघारी आणलंस, मग ते तरी कशाला थांबतील तिथं?"

"आये, लाकूड हाय ते!" मनोजचा आवाज चढला आणि मधेच मोडला. "चार पावसात कुजून गेलं असतं. त्यांनी लावलेलं झाड. रियाच्या हातात आबांचं कायतरी ऱ्हावं, येवढंच होतं माझ्या मनात. दुसरं काय नाय."

जनाला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. पण रियाने तिचा हात सोडला होता.

"आबा पाणी मागतात," रिया म्हणाली.

छायाने खाली वाकून विचारलं, "कुठं गं मागतात?"

"आतून." रियाने काकाच्या हातातल्या युकुलेलेच्या पोटावरचं गोल भोक दाखवलं. "मी ओतते ना रोज."

"किती?"

"पेलाभर. कधी दोन. ऊन असलं की दोन."

कमलेशने ते झटकन भावाच्या हातात दिलं. मनोज हसायला गेला. त्याने ते उलटं केलं, हलवलं. एक थेंब पडला नाही. भोकातून बोट घालून आतला जोड चाचपला. मागच्या फळीवर टिचकी मारून कान लावला, टणटणीत, कोरडी. नाकाशी धरलं. मग तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उतरताना जनाने बघितलं.

"काय अवो?"

"साधा सरस हाय हा. पाण्यानं सुटतो." तो हळू बोलत होता, जणू कुणी झोपलेलं होतं. "पेलाभर पाणी एकदा जरी आत गेलं असतं, तर फळ्या उकलून हातात आल्या असत्या. रोज ओतते म्हणते. पाणी जातंय कुठं?"

जांभळीवर पान हललं नाही.

"मी बोलावते त्याला," रिया म्हणाली. मोठ्या माणसांची अडचण तिला एवढीच समजली होती की कावळा येत नाही. तिने बापाच्या हातातल्या तारांवर बोट ओढलं. दोन आखूड, एक लांब.

एक कावळा सुटला. सरळ खाली आला, बुंध्यावरून, वड्यांवरून, पानावरून, आणि उतरला तो रियाच्या पुढ्यात. मान तिरकी करून त्याने तिच्याकडे बघितलं. दोन उड्या मारल्या आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला चोच लावली. टोचलं नाही. पानाला शिवावं तसा शिवला.

जनाने पोरीला उचललं तेव्हा तिच्या घशातून निघालेला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. कावळा उडाला. चंद्राबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"तुमी सगळ्यांनी दिलं बोलून त्यांना, जमीन, अबोला," जना म्हणाली. एरवी या घरात ती सर्वांत शेवटी बोलायची. "आता मी बोलते. आबा, तुमचं लाकूड तुमाला पोचवते. आता, याच पावली. पोर माझी हाय. तिला हाक मारायची नाय."

"मी नेतो," मनोज म्हणाला.

"तू नको," चंद्राबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला ते ओळखतंय. पुन्हा माघारी येईल तुझ्याबरोबर."

"मग मी जाते."

"बाया जात नाय मसणात, जने," छाया म्हणाली. वर्षानुवर्षं जनाच्या भाकरीच्या कडा मोजणारी ही नणंद. ती चपला शोधू लागली. "मी वेशीपर्यंत येते तुझ्यासंगं. पुढं तू जा."

मनोजने खुंट्या उलट्या फिरवून एकेक तार सैल केली. "ताणलेलं जाळू नये," तो म्हणाला, कुणाला ते ठाऊक नाही. चौथी तार उतरली आणि लाकडाच्या पोटातून हवा निघाली, लांब, दमलेली, ओझं खाली ठेवल्यावर निघते तशी. त्याने ते जनाच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून गोठ्यात जाऊन बसला.

चंद्राबाईंनी रियाला मांडीवर घेतलं. "मागं वळून बघायचं नाय," त्या जनाला म्हणाल्या. "कुणीबी हाक मारू दे."

*

उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडे माथेरानचा डोंगर धुरकट, चपटा, कागदाचा कापून लावल्यासारखा. वेशीच्या दगडापाशी छाया थांबली. तिने जनाच्या हातातल्या पिशवीत नारळाच्या शेंड्या आणि गोवऱ्या नीट बसवल्या, उगाचच तिचा पदर सारखा केला.

"माझी पोर असती तर मी पण पुढं आले असते," छाया म्हणाली. तिला मूल नव्हतं. जनाने मान हलवली आणि पुढे गेली.

नदीचं पात्र दगडं उघडी टाकून बसलं होतं. पत्र्याची शेड, खाली काळी जमीन. जनाने शेंड्या रचल्या, गोवऱ्या लावल्या, वर युकुलेले ठेवलं. सागाची मान आधी पेटेल, आंबा मागून, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. काडी लावल्याबरोबर आंबा पेटला, जणू वर्षभर त्याचीच वाट बघत होता. काळ्या रेघा आधी जळाल्या, वळणावळणाने, कुणीतरी सही करावी तशा. धूर निघाला तो ओल्या लाकडाचा, पांढरा, दाट. ठणठणीत कोरडं लाकूड, आणि ज्वाळेत चुरचुर पाणी जळत होतं. पेल्यापेल्याने ओतलेलं सगळं.

"आबा, पोचलं ना?" ती म्हणाली. हात जोडले आणि वळली.

पाच-सहा पावलं गेली असेल.

"आई."

जना थबकली. पाऊल उचललेलं तसंच.

"आई, थांब की."

रियाचा आवाज. हलणाऱ्या दातामुळे 'थ' वर जीभ निसटायची, ती निसटण्यासकट. रिया घरी होती. आजीच्या मांडीवर होती. जनाने पाऊल टाकलं.

"आई गं, चटके बसतायत मला."

पोरीला ताप आला तर झोपेतून उठवणारा तिचा कान, पोर पडायच्या आत पुढे होणारे तिचे हात. ते सगळं मागे ओढत होतं आणि ती पुढे चालत होती. दूध सुटून सात वर्षं झाली, तरी छातीत कळ उठली. हाका रडायला लागल्या. मग नुसतंच रडणं. वेशीच्या दगडापाशी ती पोचली तेव्हा तिचा खालचा ओठ दातांखाली फाटला होता.

"ऐकलंत तुमी?" तिने विचारलं.

"काय गं?" छाया म्हणाली.

*

परसात कावळ्यांचा नुसता कालवा चालला होता. पान फाडून, भात उधळून, वड्यासाठी भांडणं. "तिकडं धूर दिसला आणि इकडं सगळे तुटून पडले बघ," कमलेश हात धूत म्हणाला. त्याने पाटही मांडायला घेतले होते. सुटल्यासारखी सगळी मोठ्याने बोलत होती. गोठ्यातून मनोज बाहेर आला, डोळे सुजलेले. जनाच्या ओठाकडे बघून त्याने आपल्या रुमालाने तो टिपला.

पायरीवर रिया आजीच्या मांडीत झोपली होती.

"तू गेलीस तशी डोळा लागला तिचा," चंद्राबाई म्हणाल्या. "माझी मांडी बधिर झाली, पण पोर हालली नाय."

जना तिच्यासमोर उकिडवी बसली. रियाने डोळे उघडले. झोपेतून उठलेल्या पोराचे असतात तसेच, ओले, लांबून आलेले. तिने आईला थोडा वेळ निरखलं.

"मी किती हाका मारल्या," ती म्हणाली. "तू वळलीच नाय."

चंद्राबाईंचा थोपटणारा हात थांबला.

जनाने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळावरचा घाम, गालावर उमटलेली नऊवारीची किनार, तीळ, दात. एकेक करून तिने सगळं ओळखलं. "आता बघते ना," ती म्हणाली. "बघ, आता बघतेय."

"पाणी दे गं."

जनाने पेला भरून दिला. रियाने तो उंच धरला आणि वरून प्यायली, घटाघटा, एक थेंब न सांडता. ती कधीच वरून प्यायची नाही, गळ्यावर सांडायचं तिचं. मग तळाशी घोटभर राखून ती उठली, कावळ्यांच्या मधून चालत गेली, आणि एकही उडाला नाही. आंब्याच्या बुंध्याशी वाकून तिने तो घोट ओतला.

घरातून कमलेशने जेवायला हाक दिली. पाठोपाठ छायाने दिली.

जना दारात उभी होती. या वेळी तिने लेकीवरची नजर हटवली नाही.